मोबाईलच्या काचेला तडा का जातो? शिंपला, विमान आणि आपलं स्वतःचं कवच : सविस्तर माहिती

हा लेख ज्या फोनवर वाचताय, त्याच्या काचेवरून एकदा नख फिरवून बघा. चारही कोपऱ्यांजवळ जरा जास्त लक्ष द्या. नख कुठे अडकलं का? अडकलं असेल तर पुढची सात-आठ मिनिटं इथे द्याच.

हे हक्कानं सांगतेय, कारण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या फोनच्या कोपऱ्याला केसाएवढा तडा गेला होता. मी त्यावर नवीन टेम्पर्ड ग्लास बसवून घेतली, जाड कव्हर घातलं आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही. तीन महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, फोन बंद पडला. त्यात माझ्या आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या अकरा ओव्या होत्या. आजी तोवर गेली होती.

एवढ्याशा तड्यानं एवढं नुकसान कसं झालं? चला, सुरुवातीपासून बघूया.

तडा म्हणजे नेमकं काय?

मराठीत काचेला तडा जातो, भिंतीला जातो आणि विश्वासालाही जातो. गोष्ट एकच असते: जे एकसंध होतं त्यात फट पडली. पण तडा म्हणजे नुसती फट नाही. तडा त्याच्या टोकाशी ताण गोळा करतो.

शाम्पूची पुडी आठवा. काठावर छोटी खाच असते, तिथून पुडी सहज फाटते. खाच नसलेल्या बाजूनं फाडायला गेलात की दात लावावे लागतात. कापड दुकानदारही आधी कात्रीनं एक बारीक काप देतो आणि मग हातानं सर्रकन कापड फाडतो. जोर तेवढाच, पण तो सगळा त्या एका टोकाशी येतो.

काचेचं हे कोडं ब्रिटिश इंजिनिअर ए. ए. ग्रिफिथ यांनी सोडवलं. त्यांचा निबंध १९२१ साली प्रसिद्ध झाला. काचेतल्या अणूंची पकड पाहिली तर काच प्रत्यक्षात दिसते त्याच्या कित्येक पट मजबूत असायला हवी. मग ती फुटते का? ग्रिफिथ यांचं उत्तर होतं, काचेत डोळ्यांना न दिसणारे बारीक तडे आधीपासूनच असतात. तडा छोटा आणि ताण कमी असेल, तर तो जागच्या जागी बसून राहतो. ताण किंवा लांबी एका मर्यादेपलीकडे गेली की तो धावत सुटतो.

म्हणजे "माझ्या फोनला एकही तडा नाही" असं कुणीच म्हणू शकत नाही. खरा प्रश्न आहे तो तडा पळणार की थांबणार, हा.

फोनची काच मजबूत कशी करतात?

२००७ मध्ये आलेल्या पहिल्या आयफोनवर कॉर्निंग कंपनीची गोरिला ग्लास होती. आज बहुतेक फोनवर याच पद्धतीची, म्हणजे रासायनिक प्रक्रियेनं मजबूत केलेली काच असते. ही काच पोटॅशियमच्या सुमारे ४०० अंश तापलेल्या वितळलेल्या क्षारात बुडवतात. पृष्ठभागाजवळचे सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात.

एसटीच्या बाकावरून तीन सडपातळ माणसं उठली आणि त्याच जागेत तीन धिप्पाड पैलवान बसले, तर काय होईल? सगळे एकमेकांना दाबून बसतील. काचेच्या वरच्या थरात नेमकं हेच होतं. तडा उघडायला ओढ लागते. इथे तर उलटा दाब असतो, त्यामुळे बारीक तडे मिटलेले राहतात.

पण हा दाबाचा थर अगदी पातळ असतो, मिलिमीटरच्याही छोट्या भागाएवढा. त्याच्या खाली, काचेच्या पोटात ओढ असते. ओरखडा या थराच्या पार गेला की खेळ संपला.

मग काच फुटते तरी का?

१. वाळू. खिशातल्या किल्लीचं पोलाद सहसा काचेपेक्षा मऊ असतं. धुळीत मात्र क्वार्ट्झचे कण असतात आणि ते काचेवर ओरखडे काढतात. बीचवर फोन वाळूत ठेवू नका, यामागचं खरं कारण हे आहे.

२. कोपरा. फोन कोपऱ्यावर पडला की सगळा आघात इवल्याशा जागेवर येतो. तडा बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो.

३. ओल. ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. हवेतल्या दमटपणातलं पाणी तड्याच्या टोकाशी पोचतं आणि तिथले काचेचे बंध हळूहळू तोडतं. म्हणून फोन पडला सोमवारी आणि तडा वाढला पंधरा दिवसांनी, असं होऊ शकतं. आपल्याला वाटतं, "काहीच नाही केलं, आपोआप वाढला." आपोआप नाही, तो रोज थोडाथोडा चालत होता.

निसर्गातली कवचं काय करतात?

कोंबडीच्या अंड्याचं कवच मिलिमीटरच्या एक तृतीयांश जाडीचं असतं. पण घुमटाच्या आकारामुळे बाहेरून सगळीकडे सारखा दाब आला तर ते चांगलं तग धरतं. पिल्लू मात्र चोचीवरच्या टोकदार उंचवट्यानं आतून एकाच जागी ठोकतं आणि पहिला तडा पाडतं. त्याआधी हाडं तयार करायला त्यानं याच कवचातलं कॅल्शियम वापरलेलं असतं, त्यामुळे कवच थोडं कमजोरही झालेलं असतं. हे कवच वेळ आल्यावर तुटण्यासाठीच बनलेलं असतं.

खेकड्याचं कवच वाढत नाही, खेकडा वाढतो. म्हणून त्याला जुनं कवच टाकावं लागतं. नवीन कवच घट्ट होईपर्यंत तो मऊ असतो आणि बिळात किंवा दगडाखाली लपून बसतो.

सगळ्यात भारी उदाहरण गोव्यात सापडतं. तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपटे, अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले असतात. हा शिंपला जवळपास पूर्ण कॅल्साइटचा, म्हणजे खडूच्याच जातीच्या खनिजाचा असतो. कॅल्साइट ठिसूळ असतं, तरी हा शिंपला टोकदार आघातानं भुगा होत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी त्याचं कारण दाखवलं. शिंपल्यात अतिशय पातळ थर एकावर एक असतात आणि त्यांच्यामध्ये थोडासा सेंद्रिय पदार्थ असतो. आघात झाला की टोकाभोवतीच्या कणांची रचना बदलते, तडा थराथरात वळतो आणि नुकसान तेवढ्याच जागेत अडकतं. बाजूचा शिंपला पुढचा मार सोसायला तयार असतो.

शिंपल्याला तडा जातोच. फक्त तो लांब जात नाही.

कारच्या पुढच्या काचेतही हीच युक्ती असते. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असतो, म्हणून ती फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत.

इंजिनिअरिंगनं हा धडा कसा शिकला?

१९५२ मध्ये ब्रिटनचं कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान सेवेत आलं. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये अशी दोन विमानं इटलीजवळ समुद्रावर हवेतच फुटली. ५६ माणसं गेली, कुणीच वाचलं नाही.

शोध घ्यायला इंजिनिअरांनी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि आत पुन्हा पुन्हा दाब भरून सोडला. प्रत्येक उड्डाणात विमानाचं कवच फुग्यासारखं थोडं फुगतं आणि पुन्हा बसतं, त्याची ही नक्कल होती. खरी उड्डाणं आणि टाकीतल्या फेऱ्या मिळून ३,००० च्या आसपास आकडा गेल्यावर ते कवच एका कोपऱ्यापासून फाटलं. चौकोनी वळणाच्या खिडक्या-झडपांच्या कोपऱ्यांजवळ ताण साठत होता आणि तिथे बारीक तडे वाढत होते. पुढच्या कॉमेटमध्ये पत्रा जाड केला आणि खिडक्या गोलसर केल्या.

त्याहून मोठा बदल विचारात झाला. आता विमान बनवताना तडे जाणारच असं धरूनच हिशेब करतात: तडा किती वेगानं वाढेल, वाटेत कुठे अडेल आणि तो धोकादायक होण्याआधी तपासणी कधी करायची.

रॉकेल आणि खडू

हे सगळं मला कॉलेजात शिकवलं होतं. कळलं ते पप्पांच्या वर्कशॉपमध्ये. सांगली जिल्ह्यात आमचं छोटं वेल्डिंगचं दुकान आहे. ऊसाचा सीझन जवळ आला की ट्रॉल्यांची रांग लागते.

फोन बंद पडला तेव्हा मी घरी गेले. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं की तड्यातून ओल आत गेली, डिस्प्ले गेला आणि बोर्डही गंजला. आजकालच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो. बोर्डच गेला तर मेमरीची चिप काढून दुसरीकडे लावली तरी काही वाचता येत नाही.

पप्पा एका ट्रॉलीच्या चासीखाली होते. मी सांगितलं, "पप्पा, फोन गेला. जूनमध्येच फुटला होता." ते म्हणाले, "ये इकडं. बॅटरी धर."

चासीला वीतभर तडा दिसत होता. पप्पांनी जागा घासली, रॉकेल लावलं, थोडा वेळ थांबून कोरडं पुसलं आणि वरून पांढरा खडू घासला. दोन मिनिटांत खडूवर एक काळपट रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. रेघ दिसत होती त्याच्या दुप्पट लांब होती.

"डोळ्याला दिसतं तिथं संपत नसतं," पप्पा म्हणाले. रॉकेल पूर्ण साफ करून त्यांनी रेघेच्या टोकाशी ड्रिलनं गोल भोक पाडलं. तड्याचं टोक धारदार असतं, म्हणून तिथे ताण प्रचंड साठतो. गोल भोकाच्या काठावरही ताण वाढतो, पण साधारण तिपटीपर्यंतच, आणि तडा तिथे थांबतो. मग त्यांनी वेल्डिंग केलं, वर पट्टी मारली.

हात पुसत त्यांनी विचारलं, "फोनच होता का अजून काय आहे?"

मला तीन केट्या लागल्या होत्या. दोन सेमिस्टर मी फोनवर "मस्त चाललंय" म्हणत होते. हॉस्टेलवर कुणाशी बोलत नव्हते, खोलीतून बाहेर पडत नव्हते. बाहेरून कवच एकदम कडक होतं. तिथे बॅटरी धरून उभी असताना मी सगळं सांगितलं. पप्पा रागावले, नाही असं नाही. पण आधी त्यांनी एकच विचारलं, "कुठले विषय? नीट सांग, एकपण ठेवू नको." पुढच्या आठवड्यात ते माझ्यासोबत कॉलेजला आले. केट्या निघायला आणखी दीड वर्ष गेलं.

तडा गेलाय, आता काय करायचं?

- सगळ्यात आधी बॅकअप घ्या. फोटो, रेकॉर्डिंग, कॉन्टॅक्ट्स. आजच.
- टच बंद पण स्क्रीन दिसत असेल, तर ओटीजी ॲडाप्टरनं माऊस जोडून बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये अनलॉक करून डेटा काढता येतो.
- काचेचे कण बोटात जाऊ नयेत म्हणून पारदर्शक टेप लावा. हा तात्पुरता उपाय आहे.
- काच आतून वर उचलल्यासारखी दिसत असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग थांबवा, दाबू नका, टोचू नका, दुकानात दाखवा.
- फोनला भोक वगैरे पाडायचा विचारही करू नका. ती युक्ती लोखंडासाठी आहे!

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टेम्पर्ड ग्लासवर ९एच लिहिलेलं असतं, म्हणजे ती हिऱ्याच्या जवळपास कडक का?
नाही. ९एच हे पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे, खनिजांचं नाही. धुळीतल्या कणांनी तिच्यावरही ओरखडे पडतात.

फुटलेल्या काचेवर टेम्पर्ड ग्लास लावली तर तडा थांबतो का?
तडा झाकला जातो, थांबतो असं नाही. मी हेच केलं होतं.

टूथपेस्टनं ओरखडे जातात का?
नाही. ती काचेला घासते आणि वरचं बोटांचे ठसे रोखणारं कोटिंग घालवते.

फोन आयपी६८ आहे, तडा गेला तरी पाण्यात चालेल ना?
नाही. ते रेटिंग धड असलेल्या फोनसाठी असतं. तडा गेला की पावसातही जपा.

अकरा ओव्यांपैकी दोन मी मामेबहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या. तेवढ्या परत मिळाल्या. आता त्या तीन ठिकाणी ठेवल्यात. बाकीच्या नऊ आईला थोड्याथोड्या आठवतात. त्या मी तिच्या आवाजात रेकॉर्ड करतेय, आणि ज्या दिवशी करते त्याच दिवशी बॅकअप घेते.