कोयनेची मान

पावसाळ्यात आम्हा सांगलीकरांना दोनच आकडे लागतात: कोयनेतून किती सोडलं आणि आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं. पूल 1929 चा, दगडी. धरण वर सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी आमच्या दारात येतं. त्यामुळे धरण म्हटलं की चर्चा पाण्याची, काँक्रीटची कुणीच करत नाही.

मीही केली नव्हती. पण ॲबॅकस नावाचं एक सिम्युलेशन सॉफ्टवेअर आहे, त्याच्या मॅन्युअलमधे भूकंपाचं उदाहरण म्हणून चक्क आपलं कोयना धरण! हे इथं कसं?

11 डिसेंबर 1967, पहाटे 4:21. दख्खनचं पठार स्थिर, असं तोवर सगळेच धरून चालले होते. त्या पहाटे दीडशेहून जास्त माणसं गेली. धरण 103 मीटर उंच, रबल काँक्रीटचं (सिमेंट वाचवायला काँक्रीटमधे मोठाले दगड). ते उभं राहिलं, पण सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भागांना आडव्या भेगा पडल्या. त्याही पायापासून साधारण 66 मीटरवर, जिथे धरणाची तिरकी पाठ एकदम उभी होते. म्हणजे मानेतच.

ही मान आली कुठून? धरण आधी दोन टप्प्यांत बांधायचं होतं. काम चालू असताना ठरलं, एकदमच पूर्ण उंचीचं करू. रिक्वायरमेंट चेंज, दुसरं काय! (हसू नका, आपण दर महिन्याला हेच करतो.)

शिवाय हिशेबात भूकंपाचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या 5 टक्के धरलेला, तोही पायापासून माथ्यापर्यंत सारखाच. प्रत्यक्षात धरण उसासारखं हलतं, शेंड्याकडे जास्त. धरणातल्याच यंत्राने नोंदवलेला धक्का 50 टक्क्यांच्या आसपास होता. काँक्रीट दाब मस्त सोसतं, ताण मात्र त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. जुन्या पद्धतीच्या हिशेबात मानेजवळ ताण जवळपास दिसतच नव्हता. 1973 मधे चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी कॉम्प्युटरवर धरण 'हलवून' पाहिलं, तेव्हा तो नेमका तिथेच निघाला. धरणातल्या त्या नोंदीवर आजही जगभर मॉडेल्स तपासतात.

भेगांमधे इपॉक्सी भरलं, केबल ताणल्या, मग मागून काँक्रीटचे जाडजूड टेकू दिले. 1970 च्या भूकंप-संहितेतून 'झोन शून्य' हा प्रकारच गेला. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण व्हायला मात्र 2000 नंतरचं दशक उजाडलं.

ते उदाहरण मी एका रविवारी चालवून बघितलं. मानेजवळ भेग पडलीच.