स्टिअरिंगची थरथर

ब्रेक दाबताच हातातले स्टिअरिंग थरथरू लागले, की गॅरेजमध्ये ठरलेले उत्तर मिळते : ‘डिस्क वाकली.’ गाड्या पळवण्याचा इतिहास सगळेच सांगतात. मला आज गाड्या थांबवण्याचा इतिहास सांगावासा वाटतो, कारण या थरथरीचे मूळ त्यात आहे.

जुन्या गाड्यांना, आपल्या अ‍ॅम्बॅसडरलाही, ड्रमचे ब्रेक असत. ब्रेक दाबला की गाडीच्या वेगाची उष्णता होते. ती बंद ड्रममध्ये कोंडून राही आणि लांब उतारावर ब्रेकची पकड ढिली पडे. ब्रिटिश इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये निराळ्या ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी उघडी चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची, ही त्यांची कल्पना. पण ते ब्रेक किंचाळत आणि लवकर झिजत. पुढे विमानांच्या चाकांवर ही चकती कसाला उतरली. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली. १९५५ मध्ये सित्रोएन डीएस या गाडीने ते सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आणले.

चकती उघडी झाल्याने उष्णतेला वाट मिळाली. पण चिमटीत धरायची म्हणजे तिची जाडी सगळीकडे सारखी हवी. बहुतेक वेळा बिघाड होतो तो इथे. डिस्क वाकलेली नसतेच. हबवर गंज राहिला, तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि दर फेऱ्याला ठरावीक जागी पॅडला घासून झिजते. कधी तापलेल्या पॅडचा थर तिच्यावर कमीजास्त चिकटतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या एक-दोन पट एवढा फरकही हाताला कळतो. जाड भाग आला की पकड वाढते, पातळ आला की सैलावते. पुढच्या चाकांचे हे हिसके स्टिअरिंगपर्यंत पोचतात. म्हणूनच त्या थरथरीला ताल असतो आणि गाडी मंदावते तसा तोही मंदावतो.

हब साफ न करता नवी डिस्क बसवली, तर काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते आणि खर्चही. तेव्हा मिस्त्रींना आधी हबबद्दल विचारा. सस्पेन्शनचे सांधेही तपासून घ्या. आणि कसारा घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. डिस्क ब्रेक झाले, तरी तेही तापतातच.