पॉर्क्युपाइन कॅरिबू : स्थलांतर आणि विणीच्या क्षेत्राचा मागोवा

उत्तर अमेरिकेतील रेनडिअर 'कॅरिबू' या नावाने ओळखले जातात. त्यांचा पॉर्क्युपाइन कळप अमेरिकेतील अलास्का आणि वायव्य कॅनडा यांच्या सीमेपलीकडे-अलीकडे वावरतो. वसंतात हा कळप उत्तरेकडे निघतो. गाभण माद्या अग्रभागी असतात. जूनच्या आरंभी बहुतेक माद्या आर्क्टिक किनाऱ्यालगतच्या मैदानात पिलांना जन्म देतात. तेथे कोवळा चारा मिळतो आणि हिंस्र प्राणी तुलनेने कमी असतात.

१९८० च्या दशकापासून काही माद्यांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे बसवून या प्रवासाची नोंद ठेवली जाते. बर्फ उशिरा वितळल्यास अनेक माद्या वाटेतच, कॅनडाच्या हद्दीत वितात, असे या नोंदींवरून दिसते. जुलैमध्ये डासांच्या त्रासामुळे प्राणी दाटीने एकत्र येतात, तेव्हा हवाई छायाचित्रांवरून गणना होते. २००१ मध्ये सुमारे १ लाख २३ हजार असलेली संख्या २०१७ मध्ये सुमारे २ लाख १८ हजार झाली.

कळपाच्या संरक्षणासाठी अमेरिका व कॅनडा यांनी १९८७ मध्ये करार केला. मात्र अलास्कातील हेच किनारी मैदान अमेरिकेच्या २०१७ च्या कायद्याने तेल उत्खननाच्या भाडेपट्ट्यांसाठी खुले झाले. कॅरिबूच्या शिकारीवर उपजीविका असलेल्या ग्विचिन आदिवासींचा त्यास विरोध आहे. माद्या नेमक्या कोठे वितात, ही नोंद त्यामुळे या वादात कळीची ठरली आहे.