रेडग्रेव्ह विरुद्ध हर्ड

चालू धंदा विकताना मिळकतीचा आकडा फुगवून सांगितला आणि घेणाऱ्याने कागद न तपासताच त्यावर विश्वास ठेवला, तर त्याला करार मोडता येतो का, या प्रश्नावर इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १८८१ साली दिलेला निकाल.

रेडग्रेव्ह हे बर्मिंगहॅमचे वयस्कर सॉलिसिटर. वकिलीत भागीदार होईल आणि आपले घरही विकत घेईल असा माणूस हवा, अशी जाहिरात त्यांनी दिली. ती वाचून आलेल्या हर्ड यांना त्यांनी वार्षिक उत्पन्न ३०० ते ४०० पौंड असल्याचे सांगितले. दाखवलेल्या गोषवाऱ्यात मात्र जेमतेम २०० पौंड दिसत होते. उरलेले कुठून येतात, असे हर्ड यांनी विचारले तेव्हा रेडग्रेव्ह यांनी कागदांच्या एका गठ्ठ्याकडे बोट दाखवले. हर्ड स्वतः वकील, तरी त्यांनी तो गठ्ठा उघडला नाही. १,६०० पौंडांत घर घेण्याचा करार करून त्यांनी १०० पौंड इसार दिला. करारपत्रात वकिलीचा उल्लेखसुद्धा नव्हता. गठ्ठ्यात वर्षाकाठी पाच-सहा पौंडांचेच काम निघाले, आणि हर्ड यांनी व्यवहार पुरा करायला नकार दिला.

रेडग्रेव्ह यांनी करारपूर्तीचा दावा लावला. खालच्या न्यायालयात ते जिंकले. अपिलात न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल यांनी निकाल फिरवला: खोटे सांगणाऱ्याने ‘तुम्ही नीट पाहिले असते तर कळले असते’ असा बचाव घेता कामा नये. करार रद्द झाला, इसार परत मिळाला. मात्र रेडग्रेव्ह यांना आपले बोलणे खोटे असल्याचे ठाऊक होते, असा आरोप हर्ड यांनी मांडलाच नव्हता. त्यामुळे नुकसानभरपाई नाकारली गेली. निरागस चुकीच्या कथनाबद्दलही भरपाईची वाट इंग्लंडमध्ये कायद्याने मोकळी झाली ती १९६७मध्ये.

भारताच्या १८७२च्या करार कायद्याने याच प्रश्नाचे उत्तर नऊ वर्षे आधी, आणि उलट दिशेने, देऊन ठेवले होते. कलम १९च्या अपवादानुसार, साध्या काळजीने सत्य कळण्याजोगे असेल तर केवळ चुकीच्या कथनावरून करार मोडता येत नाही. जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला हा आसरा नाही. कलमातली दोन उदाहरणे निळीच्या कारखान्याची आहेत. वर्षाला ५०० मण नीळ निघते असे फसवण्याच्या हेतूने सांगून कारखाना विकला, तर घेणारा करार मोडू शकतो. पण हिशेबात ४०० मणच दिसूनही त्याने कारखाना घेतला, तर तक्रारीला जागा नाही. हर्ड यांचा गठ्ठा या दोन उदाहरणांच्या मधोमध पडतो. भारतीय न्यायालयात त्यांचे काय झाले असते, हे बहुधा रेडग्रेव्ह यांच्या मनातल्या हेतूवरच ठरले असते.

आधुनिक खटल्यांत गठ्ठा न उघडण्याऐवजी तो समोरच न ठेवल्याचा आरोपही होतो. जपानच्या दाइची सांक्यो कंपनीने २००८ साली रॅनबॅक्सी ही भारतीय औषध कंपनी विकत घेतली. औषधांविषयीच्या खोट्या माहितीबाबतचा अंतर्गत अहवाल विक्रेत्या प्रवर्तकांनी दडवला, असे तिचे म्हणणे होते. सिंगापूरमधील लवादाने २०१६मध्ये तिला २,५०० कोटी रुपयांहून अधिक भरपाई मंजूर केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली तो निवाडा उचलून धरला. फक्त विक्रेत्यांपैकी अल्पवयीन भागधारकांना त्यातून वगळले.