पाऱ्याची वाफ आणि आल्फ्रेड श्टोक

पारा हा मोठा मायावी धातु आहे. तो हातांतून निसटतो, आणि डोळ्यांना न दिसतां वाफ होऊन हवेंत मिसळतो. या वाफेनें एका थोर रसायनज्ञाचें आयुष्य कसें ग्रासलें, आणि त्यांतून दांतांसंबंधींचा जुना वाद पुन्हां कसा पेटला, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

आपल्याकडे ज्याला दांतांत चांदी भरणें म्हणतात, त्या मिश्रणांत चांदी, कथील व तांबें असतें खरें. पण वजनानें जवळजवळ निम्मा भाग पाऱ्याचाच असतो. 1833 मध्यें हें मिश्रण न्यूयॉर्कला पोंचलें, आणि लौकरच दंतवैद्यांत दुफळी माजली. 1840 मध्यें स्थापन झालेल्या अमेरिकन दंतशल्यवैद्यांच्या संस्थेनें तें न वापरण्याची शपथ सभासदांकडून मागितली. 1850 मध्यें ही सक्ति उठली आणि 1856 मध्यें संस्थाच मोडली. वाद मात्र मिटला नाहीं; कारण तोंवर दोन्ही पक्षांजवळ मतें होतीं, मापें नव्हतीं.

मापें आणलीं तीं आल्फ्रेड श्टोक यांनीं. बोरॉन व सिलिकॉन यांच्या हायड्रोजनसंयुगांवर या जर्मन पंडितांनीं केलेलें काम अजोड मानलें जातें. हीं संयुगें हवा लागतांच पेट घेत, म्हणून निर्वात नळ्यांत, पाऱ्याच्या झडपा लावून तें करावें लागे. वर्षानुवर्षें पाऱ्याच्या सहवासांत राहिल्यानें डोकेदुखी, घेरी, नाकाचा जुनाट विकार आणि सर्वांत क्लेशदायक म्हणजे स्मरणशक्तीचा ऱ्हास त्यांना जडला. बुद्धीवर जगणाऱ्या माणसाची बुद्धीच जावी, याहून दारुण काय असणार? खरें कारण त्यांना 1924 मध्यें उमगलें. तें कळल्यावर संसर्ग टाळतां आला. प्रकृति सुधारली, पण सावकाश व चढउतार सोसून. 1926 मध्यें त्यांनीं आपली ही कथा निःसंकोच प्रसिद्ध केली, आणि तींतच दांतांतील पाऱ्याविरुद्धहि इशारा दिला.

श्टोक यांचा अनुभव खरा होता. परंतु त्यांना विषबाधा झाली ती मुख्यतः प्रयोगशाळेच्या हवेमुळें. दांतांतूनहि थोडी वाफ निघते. पण त्या थोड्याचा परिणाम किती, हा प्रश्न स्वतंत्र आहे. मुलांवर केलेले दोन मोठे प्रयोग, एक अमेरिकेंतील व एक पोर्तुगालांतील, 2006 मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांत बुद्धीवर वा मज्जासंस्थेवर अपाय आढळला नाहीं. उलट पक्षीं, मुख्यतः पर्यावरणाच्या रक्षणासाठीं, 2013 च्या मिनामाता करारानें या मिश्रणाचा वापर घटविण्याचें ठरविलें, आणि युरोपीय संघानें 1 जानेवारी 2025 पासून, वैद्यकीय निकड वगळतां, तो बंद केला.

दांतांतील चांदी काढून घेऊन बरें होऊं पाहणाऱ्यांसाठीं या इतिहासांत बोध आहे. काढतांना घर्षणानें वाफ वाढते, म्हणून पाण्याचा फवारा व जोरदार शोषण हवें. रक्तांतील पारा प्रथम किंचित् वाढून मग उतरतो. शरीरांत शिरलेल्या अशा पाऱ्यापैकीं निम्मा सुमारें दोन महिन्यांत बाहेर पडतो; तेव्हां आठवड्यांत चमत्कार घडेल ही आशा व्यर्थ होय. आणि पारा उतरूनहि लक्षणें हटलीं नाहींत, तर दुसरें कारण शोधणें हेंच शहाणपण.

रोग्याचें दुःख खोटें ठरविणें हा एक अन्याय, आणि त्याचें सगळें दुःख एकाच कारणाच्या माथीं मारणें हा दुसरा. श्टोक यांनीं पहिला अन्याय सोसला नाहीं. दुसऱ्यापासून ते स्वतः सर्वस्वीं मुक्त होते असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण अत्यल्प पारा मोजण्याच्या ज्या रीति त्यांनीं सिद्ध केल्या, त्यांच्यामुळेंच वादाला मापाचा आधार मिळाला. स्वतःच्याहि मताची परीक्षा घेतां यावी असें साधन मागें ठेवून जाणें, ही त्यांची खरी थोरवी होय.