मांडीवरचं लेकरूही मोजा



एसटीत बसलं की कंडक्टर विचारतो, "पोराचं वय काय?" पाच वर्षांच्या आतलं असेल तर तिकीट नाही, पाच ते बारा असेल तर अर्धं. मांडीवरचं लेकरू मोजायचंच नाही, ही सवय आपल्याला तिथूनच लागली. रस्त्यावर ती चालून जाते, पण पाण्यावर जिवावर बेतते. आपल्या सातारा-सांगलीच्या बायका लेकरांना घेऊन पाण्यावरून कशा जात आल्या आणि त्यातून आपण काय शिकायचं, ते आज बघू या.

कृष्णा महाबळेश्वरात उगम पावते. वाई करत कऱ्हाडला येते, तिथं तिला कोयना मिळते, आणि मग ती सांगलीकडे वळते. या वाटेवर पूल नव्हते तेव्हा सासर अलीकडे आणि माहेर पलीकडे असलेल्या बाईला नावेशिवाय मार्ग नव्हता. पहिलटकरीण माहेरी जायची ती नावेतून, आणि बाळाला घेऊन परत यायची तीही नावेतूनच. सातारा १८४८ साली इंग्रजांच्या ताब्यात गेला. सांगली पटवर्धनांचं संस्थान राहिलं. १८६८ साली मुंबई इलाख्यात तरींसाठी आणि नदीतल्या नावांसाठी कायदा झाला. म्हणजे नावेवर सरकारची नजर आपल्याकडे दीडशे वर्षांपासून आहे.

सांगलीत आयर्विन पूल १९२९ साली झाला. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव त्याला दिलं. सांगलीहून सांगलवाडीला जायला पक्की वाट झाली. आजही पुराचं पाणी आपण याच पुलापाशी फुटांत मोजतो. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. पाणी एकेका फुटानं मोजायला आपण शिकलो, पण नावेतली लेकरं मोजायला अजून शिकलो नाही.

पूल झाले तरी पूर थांबले नाहीत. पाण्यानं गाव वेढलं की आपल्या भागातली माणसं गुऱ्हाळावरची काहील बाहेर काढतात. उसाचा रस आटवायची ती मोठी पसरट कढई. ती पाण्यावर तरंगते, म्हणून तिच्यात दुधाच्या किटल्या जातात, म्हातारी माणसं जातात, लेकरंही जातात. अडचणीला ती उपयोगी पडली, हे खरं. पण काहील गूळ करण्यासाठी घडवलेली असते. तिला सुकाणू नसतं, ती ओढीत गरगर फिरते आणि एका अंगाला वजन गेलं की कलंडते. चुळबुळ करणारं तीन वर्षांचं पोर तिच्यात बसवणं म्हणजे किती जोखीम, ते तुम्हीच बघा.

आता वर कोयनेकडे जाऊ. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कोयना धरणात पाणी साठायला लागलं आणि शिवसागर जलाशय तयार झाला. कितीतरी गावं उठली. जी डोंगरउतारावर राहिली, त्यांच्या जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या. तापोळा, बामणोली, कांदाटी खोरं या भागात तेव्हापासून लाँच आणि होडी हाच रस्ता झाला. बाजार लाँचनं, दवाखाना लाँचनं. बाळंतीण, तान्हं बाळ, लस टोचायला न्यायचं पोर, सगळ्यांना तेच पाणी ओलांडावं लागलं.

जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुलींची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. शाळेसाठी त्या स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडायच्या आणि पुढं जंगलातून चालत जायच्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या मुलींचं कौतुक खूप झालं. पण न्यायालयानं कौतुकाबरोबर प्रश्नही विचारला, की या मुलींना सुरक्षित वाट का नाही? आपणही तोच प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे.

आता जड मनानं २०१९ कडे वळते. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ हे कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचं गाव. त्याला पाण्यानं वेढलं. ८ ऑगस्टला गावातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. १७ जीव गेले. त्यात बायका होत्या, लेकरंही होती. बोटीत माणसं जास्त झाली होती आणि अंगात जाकिटं नव्हती. कुणाला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. पाणी चढत असताना आपणही लेकराला कडेवर घेऊन त्याच बोटीकडे धावलो असतो. म्हणून ही तयारी पूर येण्याआधी करायची असते.

हे फक्त पुरातच होतं असंही नाही. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्यात शाळेची सहल तलावावर गेली होती. बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. दिवस कोरडा होता, पाणी संथ होतं. तिथंही जास्तीची माणसं आणि अपुरी जाकिटं हेच घडलं.

मोठ्या जहाजांच्या जगानं हा धडा फार आधी घेतला. १९१२ साली टायटॅनिक बुडालं आणि १९१४ मध्ये अनेक देशांनी मिळून सुरक्षेचा पहिला करार केला. त्या नियमांत पुढं भर पडत गेली. आज त्यात जाकिटाचे तीन प्रकार आहेत: १५ किलोच्या आतलं बाळ, १५ ते ४३ किलोचं मूल आणि मोठं माणूस. आपल्या होडीला ते नियम लागू नाहीत, पण त्यातली गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथं बाळाला आईच्या पदरात धरत नाहीत, वेगळं माणूस म्हणून मोजतात.

मग आपण काय करायचं?

एक, बोटीत किती माणसं बसायची ते आधी विचारा आणि मोजताना मांडीवरचं बाळही धरा. आकडा भरला तर पुढच्या खेपेला जा.

दोन, लेकराला त्याच्या वजनाचं जाकीट हवं. मोठ्याचं जाकीट घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि पोर खालून निसटतं. पायांमधून जाणारा पट्टा आणि मानेमागं उशी असलेलं जाकीट बघा. ते घालून खांद्यापाशी धरून उचला. हनुवटी आत गेली तर ते मोठं आहे. अगदी तान्ह्या बाळाला नीट बसेल असं जाकीट सहसा मिळत नाही, म्हणून हौसेच्या फेरीला त्याला नेऊच नका.

तीन, बाळाला पदरानं किंवा ओढणीनं पोटाशी बांधू नका. शेतात ही गाठ आधार देते. पाण्यात भिजली की ती सुटत नाही, आणि वाचवणाऱ्याला बाळ तुमच्याकडून घेता येत नाही. बाळाला जाकीट घाला, तुम्हीही घाला आणि त्याला हातांनी धरा.

चार, बोटीत मधोमध, खाली बसा. काठावर नको, इंजिनाच्या धुराजवळ नको. पोराला उभं राहू देऊ नका. निघण्याआधी दूध पाजा, टोपी घाला, कोरडे कपडे पिशवीत बांधून घ्या. भुकेलं, उन्हानं कावलेलं पोर चुळबुळ करतं, आणि ओलं झालेलं बाळ लवकर गारठतं.

पाच, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. पुराचा इशारा आला की गरोदर बाया, बाळंतिणी आणि लेकरं रस्ता उघडा असतानाच ट्रॅक्टरनं, एसटीनं बाहेर काढा. जे लेकरू वेळेवर निघालं, त्याला बोटीत बसायची वेळच येत नाही.

आपल्या बचत गटाच्या वहीत आपण एकेक रुपया लिहितो. या मे महिन्यात त्याच वहीत एक पान वेगळं करा. गावात पाच वर्षांखालची लेकरं किती आणि त्यांची वजनं किती, तेवढं लिहा. वजनं अंगणवाडीत मिळतील. मग ते पान घेऊन ग्रामसभेत जा आणि विचारा, गावाच्या बोटीत लहान मापाची जाकिटं किती आहेत? उत्तर काहीही येवो, निदान आपली लेकरं कागदावर मोजली गेलेली असतील.

काळजी घ्या. पुन्हा भेटू.