बोललेल्या शब्दांचा दिवस : बीबीसी रेडिओ ४चे वेळापत्रक आणि त्यापुढील प्रश्न

ब्रिटनच्या 'बीबीसी रेडिओ ४' या राष्ट्रीय नभोवाणी केंद्रावर संगीताला फारसे स्थान नाही. बातम्या, मुलाखती, नभोनाट्ये, पुस्तकवाचन, विनोदी कार्यक्रम आणि संसदेचा वृत्तांत अशा बोललेल्या शब्दांवर हे केंद्र पहाटेपासून रात्री एक वाजेपर्यंत चालते. ३० सप्टेंबर १९६७ रोजी जुन्या 'होम सर्व्हिस'च्या जागी ते सुरू झाले. आकाशवाणीच्या श्रोत्यांना ही रचना परकी वाटू नये. १९३५ मध्ये भारतात प्रसारण नियंत्रक म्हणून आलेले लायोनेल फील्डन बीबीसीचेच अधिकारी होते आणि 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव १९३६ मध्ये त्यांच्याच कार्यकाळात स्वीकारले गेले.

दिवसाच्या दोन्ही टोकांना सागरी हवामानाचे वृत्त असते. ब्रिटिश बेटांभोवतीच्या समुद्राचे ३१ विभाग ठरलेल्या क्रमाने घेतले जातात आणि प्रत्येकासाठी वाऱ्याची दिशा व जोर, पाऊस आणि दृश्यमानता एवढेच सांगितले जाते. मजकुराची मर्यादा ३५० शब्दांची आहे. मध्यरात्रीनंतरच्या वृत्तात 'ट्रफाल्गर' या विभागाचाही समावेश होत असल्याने तेथे ३८० शब्दांची मुभा मिळते. २००२ मध्ये 'फिनिस्टेर' विभागाचे नाव बदलून 'फिट्झरॉय' ठेवण्यात आले. चार्ल्स डार्विन ज्या 'बीगल' जहाजातून गेले, त्याचे कप्तान आणि पुढे ब्रिटिश हवामान खात्याचे संस्थापक रॉबर्ट फिट्झरॉय यांचा तो सन्मान होता. हे वृत्त खलाशांसाठी असले तरी समुद्राशी काडीचाही संबंध नसलेले असंख्य लोक ते झोपण्यापूर्वी नेमाने ऐकतात.

पहाटे शेतीविषयक कार्यक्रम होतो आणि सहा वाजता 'टुडे' सुरू होतो. तेव्हा भारतात उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा, तर हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. १९५७ पासून चालणारा हा कार्यक्रम आता तीन तासांचा आहे. आठ वाजून दहा मिनिटांनी होणाऱ्या मुलाखतीत मंत्र्यांना थेट प्रश्नांना सामोरे जावे लागते आणि तिथला एखादा शब्द दिवसभराची बातमी ठरू शकतो. त्याच कार्यक्रमात पावणेआठच्या सुमारास विविध धर्मांचे वक्ते जेमतेम तीन मिनिटांचे चिंतन मांडतात. राजकीय गदारोळात ते काहीसे अवघडून उभे असल्यासारखे वाटते, पण अनेक दशके टिकून आहे. दहा वाजता 'वुमन्स अवर'. १९४६ मध्ये महिलांसाठी सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे पहिले सूत्रसंचालक ॲलन आयव्हिमी हे पुरुष होते, हे आज वाचताना गंमत वाटते.

संध्याकाळी सातला 'द आर्चर्स' लागते. सुमारे तेरा मिनिटांची ही मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर प्रसारित होत आहे आणि जगातील सर्वाधिक काळ चाललेली नाट्यमालिका म्हणून ओळखली जाते. युद्धोत्तर काळात ब्रिटनमध्ये अन्नाचे रेशनिंग होते. शेतकऱ्यांना नव्या पद्धती समजाव्यात म्हणून निर्माते गॉडफ्रे बेझली यांनी अँब्रिज हे काल्पनिक गाव उभे केले. पीक, दूध, जनावरांचे आजार यांविषयीचा सल्ला संवादांतून सहज पेरला जाई. पुढे सल्ल्याचे काम मागे पडले, पण लोकशिक्षणाचा धागा तुटला नाही. पत्नीवर मानसिक दडपशाही करणे हा इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या अखेरीस स्वतंत्र गुन्हा ठरला. त्या सुमारास मालिकेत हेलन या पात्राचा पती तिला हळूहळू माणसांपासून तोडत होता. एप्रिल २०१६ मध्ये तिने त्याच्यावर चाकूने वार केला आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयात तिची निर्दोष मुक्तता झाली. हे कथानक सुरू असताना श्रोत्यांनी पीडित महिलांना आसरा देणाऱ्या संस्थेसाठी एक लाख पौंडांहून अधिक निधी जमवला. रोज थोडे थोडे ऐकल्यानेच तो छळ अंगावर आला. सलग दोन तासांत तो तसा जाणवला नसता.

या वेळापत्रकाला हात लावणे सोपे नाही. पहाटे वाजणारी लोकधुनांची 'यूके थीम' २००६ मध्ये काढून टाकण्यात आली, तेव्हा श्रोत्यांनी निषेध केला आणि विषय राजकारण्यांपर्यंत गेला. तरीही ती परत आली नाही.

आताचा बदल अधिक खोलवरचा आहे. १९७८ मध्ये रेडिओ ४ ला लाँग वेव्ह मिळाली, तीमुळे किनाऱ्यापासून दूरच्या जहाजांपर्यंत एकाच लहरीने आवाज पोचू लागला. ब्रिटिश अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचे कप्तान देश शाबूत आहे की नाही हे याच केंद्रावरून पडताळतात, अशी वदंता आहे. त्या लहरीवरील स्वतंत्र कार्यक्रम २०२४ च्या वसंतात संपले आणि सागरी वृत्ताच्या फेऱ्याही घटल्या. घरगुती वीजमीटरला स्वस्त दराची वेळ कळवणारे संकेतही तिच्यावरूनच जात. ती व्यवस्था ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली.

घड्याळाचेही तसेच झाले आहे. ५ फेब्रुवारी १९२४ पासून वाजणाऱ्या वेळदर्शक सहा ठोक्यांपैकी शेवटचा, लांब ठोका सुरू होतो तो क्षण म्हणजे नेमका तास. जुन्या रेडिओवर हे आजही खरे आहे. डिजिटल संचावर किंवा मोबाइलवर मात्र संकेत पोचायला वेळ लागत असल्याने तोच ठोका काही सेकंद उशिरा ऐकू येतो. अनेक श्रोते तर कार्यक्रम आपल्या सवडीने ऐकतात. त्यांच्या आठच्या बातम्या अकराला असू शकतात.

रात्री दहाच्या वार्तापत्रानंतर पुस्तकवाचन, मग संसदेचा वृत्तांत आणि मध्यरात्रीच्या बातम्या होतात. पाऊणच्या सुमारास रोनाल्ड बिंज यांची 'सेलिंग बाय' ही धून वाजते आणि निवेदक पुन्हा ते ३१ विभाग वाचू लागतो. त्यानंतर राष्ट्रगीत होते आणि एक वाजता ध्वनिक्षेपण 'वर्ल्ड सर्व्हिस'कडे सोपवले जाते.